कॅमलबॅक, फिनिक्स: एको कॅन्यन की चोया?

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या कॅमलबॅक डोंगरावर चढायच्या या दोन वाटा. माथा एकच, समुद्रसपाटीपासून 824 मीटर. एको कॅन्यनची वाट एका बाजूने जेमतेम 2 किमी, पण चढ जवळपास 390 मीटर. मध्ये उघडा कातळ, तिथे लोखंडी कठडे धरूनच चढावं लागतं. उतरताना गुडघे बोलतात, आणि गुळगुळीत तळव्याचे बूट हमखास घसरतात. चोया थोडी लांब, सुरुवातीला सौम्य. शेवटचा टप्पा मात्र धारेवरचा, हातपाय टेकवत चढायचा. नवख्यांनी चोया घ्यावी, धारेपाशी दमछाक झाली तर तिथूनच परतावं. माणशी 2 लिटर पाणी. निम्मं संपलं की मागे फिरा. चोया निवडुंगाचा तुकडा चिकटला तर बोटांनी ओढू नका, कंगव्याने उडवा. तीव्र उष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी दोन्ही वाटा दिवसा बंद असतात.