व्हिनेगरचा वास येणारं 'न्यूट्रल' सिलिकॉन

मुंबईत मे महिना आला की प्रत्येक सोसायटीला खिडक्यांची गळती आठवते, आणि काही कंत्राटदारांचं पोट या घाईवरच चालतं. मुलुंडला आमच्या इमारतीत आलेल्यानं कोटेशनमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: नामांकित कंपनीचं न्यूट्रल वेदर सीलंट, म्हणजे खिडकीच्या फटी बुजवायचं, ॲसिड न सोडणारं सिलिकॉन. दरही त्याचाच लावला. गच्चीवर त्या कंपनीच्या रिकाम्या ट्यूबा सगळ्यांना दिसतील अशा मांडून ठेवल्या होत्या.

काम सुरू झालं आणि घरभर व्हिनेगरचा वास. कारागीर म्हणाला, "येणारच ना काकू, केमिकल आहे."

केमिकल आहेच, पण कुठलं? ट्यूबमध्ये लांब साखळ्यांचं पॉलिमर असतं आणि त्या साखळ्या एकमेकींना बांधणारा सिलेन. हवेतला दमटपणा लागला की सिलेनचा एक तुकडा सुटतो, साखळ्या जुळतात आणि थर रबरासारखा होतो. सुटणारं ॲसिटिक ॲसिड असेल तर व्हिनेगरचा वास येतो. न्यूट्रलमध्ये ऑक्झाइम किंवा अल्कोहोल सुटतं. त्याला वास असेलही, पण व्हिनेगरचा नाही. ॲसिडवालं सिलिकॉन काचेला उत्तम, अगदी फिशटँकलाही चालतं. पण आमच्या खिडक्यांना मार्बलच्या पट्ट्या आहेत. ॲसिड मार्बलमधल्या चुन्याला लागतं, पांढरी भुकटी धरते आणि थर सुटतो. जुलैत नेमकं तेच झालं.

शिवाय मार्बलवर पिवळट तेलकट डाग पसरले आणि थर आकसून कडेला फट पडली. पॉलिमर आणि सिलेन महाग, म्हणून स्वस्त मालात खनिज तेल घालतात; ते झिरपलं की डाग पडतात आणि निघून गेलं की थर आकसतो. हे ओळखायला सोपं आहे: पातळ प्लास्टिकच्या कागदावर थोडं सिलिकॉन पसरून दिवसभर ठेवायचं. कागद सुरकुतला किंवा वळला, तर तेल आहे समजा.

काम देताना भरलेल्या, सीलबंद ट्यूबा आपल्यासमोर कापायला लावा. बॅच नंबर आणि मुदत पाहा, दोन्हींचा फोटो काढा. रिकाम्या ट्यूबा काय, भंगारवाल्याकडेही मिळतात.

आमच्या सेक्रेटरींनी उरलेले पैसे रोखलेत, कंत्राटदार फोन उचलत नाही. नवा माणूस म्हणतो, जुना थर ब्लेडनं पूर्ण खरवडून तेल पुसल्याशिवाय नवं सिलिकॉन धरणार नाही. ती मजुरी मूळ कामापेक्षा जास्त सांगितली आहे.