कीबोर्ड ठीकठाक, पण आतली डेमो गाणी भारी

लेकीसाठी कीबोर्ड घेतला त्याला तीन महिने झाले, म्हटलं लिहूनच टाकू. कंपनीचं नाव टाकत नाहीये, ह्या रेंजमधे सगळे साधारण सारखेच असतात. ६१ कीज, साडेसहा हजार, ऑनलाइन मागवला. टच रिस्पॉन्स नाही, म्हणजे हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज तेवढाच. तबला म्हणून जे दिलंय ते पत्र्याचा डबा वाजवल्यासारखं. अडॅप्टरची वायर इतकी आखूड की प्लगजवळच संसार थाटावा लागतो.

पण आत शंभर डेमो गाणी आहेत आणि माझे पैसे तिथे वसूल झाले.

पहिल्याच रविवारी लेक एकेक नंबर दाबत बसलेली, २७ नंबर लागला आणि आई झारा हातात घेऊन किचनमधून बाहेर, "अरे, हे तर तलतचं!" मॅन्युअल बघितलं तर मोझार्टची ४० नंबरची सिंफनी, १७८८ ची. 'छाया' मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' (१९६१) सलील चौधरींनी तिथनं घेतलंय हे वाचलेलं होतं हो, पण कानाने कधी पकडलं नव्हतं. मग मी घरातली जुनी पेटी काढली. सा लावा जी (इंग्रजी G) ह्या सुरावर, आणि मोझार्टची सुरुवात अशी: कोमल ध प प, कोमल ध प प, कोमल ध प प आणि एकदम उडी वरच्या कोमल ग वर. बास, एवढंच, पण तिकडे व्हायोलिनवर ते कोणाच्यातरी मागे लागल्यासारखं अस्वस्थ वाटतं आणि इकडे तलत-लता तेच घोळवतात तर लाडीगोडी चाललीये असं वाटतं. लोक लगेच चोरी चोरी करतात, पण मुखडा घेऊन पुढचा अंतरा आपल्या वाटेने न्यायचा हे काही येरागबाळ्याचं काम नाही. आईचा निकाल वेगळाच, "तलतचंच चांगलं, मोझार्टकडे गायला कोणी नाही ना."

'मिन्युएट इन जी' पण आहे. मॅन्युअलमधे खाली संगीतकार म्हणून बाख छापलंय, ते चूक. बाखच्या बायकोच्या १७२५ च्या वहीत ते सापडलं म्हणून वर्षानुवर्षं त्याच्या नावावर खपलं, खरं ते क्रिस्तियान पेटझोल्डचं. तीन मात्रांचं आहे. १९६५ मधे टॉइज नावाच्या अमेरिकन मुलींच्या ग्रुपने हीच चाल चार मात्रांत बसवून 'अ लव्हर्स कन्सर्टो' केलं आणि ते तुफान चाललं. आता गंमत म्हणजे हे घरी करून बघता येतं, उजव्या हाताने मिन्युएट वाजवायचं आणि डावीकडे पॉप स्टाइल (कीबोर्डमधला तयार ठेका) चालू करायची, आधी सगळं घसरतं, मग दर वेळी एक मात्रा कुठेतरी ओढून धरली की गाडी रुळावर येते आणि अचानक ते साठच्या दशकातलं गाणं होतं! लेकीला दोन दिवस लागले, मला चार.

एल्व्हिसवाल्यांसाठी 'ओ सोले मियो' आहे, नेपल्सचं, १८९८ चं, एल्व्हिसचं 'इट्स नाउ ऑर नेव्हर' (१९६०) तेच. 'प्लेझीर दामूर' (१७८४) पण आहे, ज्याच्यावरून एल्व्हिसचंच 'कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह' आलं, पण ते बासरीच्या आवाजात टाकलंय आणि अगदीच मिळमिळीत वाजतं.

बेथोव्हेनचं 'फ्युर एलीझ' मात्र वाजवू नका. आपल्याकडे गाड्यांच्या रिव्हर्स हॉर्नला तेच असतं, लेकीने खिडकी उघडी ठेवून वाजवलं तर खालून वॉचमन ओरडला, "कोण घेतंय मागे?" टायटनच्या जाहिरातीची ट्यून ह्यात नाही, तीही मोझार्टचीच, २५ नंबरच्या सिंफनीतली. लेकीने पूर्ण लिस्ट दोनदा शोधली आणि मग रुसली.

क्लास लावणार असाल तर थोडे पैसे अजून घालून टच रिस्पॉन्सवालाच घ्या, नाहीतर सर पहिल्या दिवशी तोंड वाकडं करतात (आमच्या सरांनी केलं). नुसतं घरात सगळ्यांनी मिळून वाजवायला, ओळखायला, भांडायला हवा असेल तर घ्या बिनधास्त. पाचपैकी साडेतीन. आणि हो, स्टँड बॉक्समधे येत नाही, आमचा कीबोर्ड अजून इस्त्रीच्या टेबलावर आहे आणि कपडे खाली इस्त्रीवाल्याकडे जातायत.