म्हापशातील बोअरिंगचे वर्कशॉप : जुन्या येझदीच्या ब्लॉकचे काम

जुनी मोटारसायकल घरच्या घरी दुरुस्त करताना बहुतेक कामे चिकाटीने आपल्याला जमतात, पण सिलिंडरचा बोअर, म्हणजे त्याचे आतले भोक कातून पुन्हा गोल करणे, हे काम घरी होत नाही आणि ते चुकले तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. म्हणून मी हा अभिप्राय केवळ त्या एका कामाविषयी लिहीत आहे. हे वर्कशॉप म्हापशाच्या बाजारापासून पायी जाण्याजोग्या अंतरावर, गॅरेजांच्या रांगेतील अगदी शेवटच्या गाळ्यात आहे आणि त्याच्या पाटीवर ‘बोअरिंग, होनिंग (बोअर दगडाने घासून अखेरच्या मापाला आणणे), लेथ वर्क’ एवढेच लिहिलेले आहे. आत एक उभे बोअरिंग मशीन, एक जुना लेथ, एक होनिंगचे यंत्र आणि साठी उलटलेले मिस्त्री असतात.

गाडी १९७४ सालची येझदी २५०. माझे काका ती घेऊन डिचोलीहून रोज खाणीवर ड्यूटीला जात. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या तेव्हा ती घरामागच्या मांगरात, म्हणजे शेडमध्ये, ताडपत्रीखाली गेली आणि अकरा पावसाळे तिथेच उभी राहिली. ताडपत्रीने वरचे पाणी अडवले, पण जमिनीतून येणारी ओल आत कोंडून धरली. पिस्टन मध्यावर अडकला होता आणि रिंगा जिथे टेकल्या होत्या तिथे सिलिंडरच्या भिंतीला गंजाची बारीक, खोलवर खाल्लेली रेघ पडली होती. डिझेल आणि तेल ओतून आठवडाभर भिजत ठेवल्यावर पिस्टन सुटला. टाकीतील गंज मी सायट्रिक ॲसिडच्या कोमट पाण्याने काढला, स्पोक एकेक करून बदलले, वायरिंग नव्याने ओढले. ही सगळी कामे मांगरातच झाली.

बोअरसाठी मात्र प्रथम मी एका भलत्याच गॅरेजकडे गेलो. तिथे पिस्टन न मागताच ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचा सुटा भाग, ठेवून घेतला गेला आणि दुसऱ्या दिवशी ‘दुसरा ओव्हरसाईज केला’, म्हणजे मूळ मापापेक्षा दोन पायऱ्या मोठा कातला, असे सांगून परत दिला गेला. मी पिस्टन विकत आणला, जोडला आणि म्हापशाच्या दिशेने निघालो. अस्नोड्याच्या अलीकडे, जेमतेम बारा किलोमीटर झाल्यावर इंजिनाचा आवाज आधी जड झाला आणि मग मागचे चाक एकदम जाम झाले. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून मी पडलो नाही. ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनचे ॲल्युमिनियम भिंतीला चार ठिकाणी लेपासारखे चिकटलेले होते. तोच ब्लॉक घेऊन मी या वर्कशॉपमध्ये पोहोचलो.

मिस्त्रींनी ब्लॉक हातात घेतला, उजेडाकडे धरून आरपार पाहिला आणि पहिले वाक्य कोकणीत बोलले, “बाब, पयलीं पिस्टन हाड, मागीर बोअर.” (आधी पिस्टन आण, मग बोअर.) एवढी एक गोष्ट आधीच्या ठिकाणी पाळली गेली असती तर माझे दोन महिने आणि एक पिस्टन वाचला असता. बाजारात मिळणारे एकाच मापाचे दोन पिस्टन क्वचितच तंतोतंत सारखे असतात, त्यामुळे डब्यावर छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवून बोअर करायचा नसतो. प्रत्यक्ष हातात असलेल्या पिस्टनचा स्कर्ट, म्हणजे खालचा भाग, मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्यात ठरवलेली मोकळीक (पिस्टन आणि भिंत यांमधली जागा) मिळवून बोअरचे माप काढायचे.

या इंजिनाचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली जाण्याचे अंतर, ७५ मिलिमीटर आहे. ओव्हरसाईज पाव-पाव मिलिमीटरने वाढतात. दुसरा ६५.५० चा, तिसरा ६५.७५ चा आणि चौथा ६६ चा. मिस्त्रींनी बोअर गेज आत सोडून वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर, प्रत्येक पातळीवर आडवे आणि उभे असे सहा वाचन घेतले आणि ते खडूने लेथच्या पत्र्यावर माझ्यासमोर लिहिले. आधीच्या गॅरेजने केलेला बोअर गोल नव्हता, तो वरच्या भागात किंचित अंडाकृती होता आणि पिस्टनला हवी होती त्याच्या निम्मीही मोकळीक मिळत नव्हती. दुसऱ्या ओव्हरसाईजमध्ये तो सावरता आला नसता, म्हणून तिसऱ्यावर जावे लागले. ब्लॉकमध्ये आता फक्त शेवटचे एक माप शिल्लक आहे आणि त्यानंतर स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, घालावी लागेल, हे त्यांनी काम हाती घेण्यापूर्वीच सांगितले.

मोकळीक किती ठेवली याचा आकडा मी मुद्दाम विचारून घेतला. अडीच थाऊ. लेथवाले इंचाच्या हजाराव्या भागाला थाऊ म्हणतात, तेव्हा अडीच थाऊ म्हणजे मिलिमीटरचे सहा-साडेसहा शतांश झाले. हवेवर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतो. त्याला तेवढी जागा मिळाली नाही तर तेलाचा थर तुटतो आणि तो जाम होतो. याउलट मोकळीक जास्त झाली तर पिस्टन आत खडखडतो. एका केसाच्या जाडीइतकीही नसलेली ही जागा राखण्यासाठी त्यांनी शेवटचा भाग मशीनवर न कापता होनिंगसाठी राखून ठेवला.

ज्या गोष्टीमुळे मी या वर्कशॉपला पूर्ण गुण देतो ती याच्यापुढची आहे. टू-स्ट्रोक सिलिंडरच्या भिंतीला पोर्ट असतात, म्हणजे वायू येण्या-जाण्याच्या खिडक्या, आणि नव्याने बोअर केल्यावर त्या खिडक्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार होतात. पिस्टनची रिंग दर फेऱ्याला त्यांच्यावरून जाते. कड मारलेली नसेल तर रिंग अडकते, तुटते आणि तुकडा सिलिंडरला चर पाडतो. मिस्त्रींनी लहान घासणीच्या दगडाने प्रत्येक पोर्टची कड हलकी मोडली, वरची आणि खालची कड जरा जास्त, आणि मग मला बोटाचे नख तिच्यावरून फिरवायला लावले. नख कुठेही अडकले नाही. त्यानंतर त्यांनी नुसती रिंग बोअरमध्ये सोडली, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधील फट फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजून दाखवली. रिंगेची टोके पिस्टनमधील बारीक पिनेवर नीट बसली आहेत ना, हे जोडताना पाहायला विसरू नका, कारण ती पिनच रिंगेला फिरून पोर्टमध्ये शिरण्यापासून रोखते, असेही त्यांनी बजावले.

तक्रारीची जागा एकच आहे, पण ती लहान नाही. अकरा पावसाळ्यांत क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीला फिरते करणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगलाही गंज चढला होता. येझदीचा क्रँक तीन तुकड्यांचा, दाबून बसवलेला असतो, तो प्रेसवर उघडून नवा कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारी दांडी) घालावा लागतो आणि मग डायल गेज, म्हणजे काट्याचे मोजमाप-यंत्र, लावून दोन्ही बाजू एका रेषेत आणाव्या लागतात. हे काम इथे होत नाही, ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात पाठवले जाते. मला आठ दिवस सांगितले होते, लागले पंचवीस. मधल्या काळात विचारणा केली की उत्तर मिळे, पण स्वतःहून एकदाही कळवले गेले नाही. काम चोख आले, मी घरी फिरवून पाहिले तेव्हा गेजचा काटा जेमतेम हलला. तरीही ज्यांना ठरावीक तारखेला गाडी हवी आहे त्यांनी हा उशीर आधीच धरून चालावे. दुसरे असे की पक्के बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, ते मागून घ्यावे आणि त्यावर बोअरचे अंतिम माप लिहून घ्यावे.

जोडणीपूर्वी त्यांनी पेट्रोलविषयी दिलेला सल्लाही मी इथे नोंदवतो, कारण तो जुन्या गाडीच्या सर्वच मालकांच्या उपयोगाचा आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधील पेट्रोलचे बारीक छिद्र) मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि इंजिन जास्त तापते, म्हणून मेन जेट एक पायरी मोठा घालावा. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, तेव्हा गोव्याच्या पावसाळ्यात गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत. मी दोन्ही केले. पहिल्या ५०० किलोमीटरपर्यंत पेट्रोलमध्ये लिटरमागे ५० मिलिलिटर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनाचे तेल) घातले आणि वेग ४० च्या पुढे नेला नाही. आता ६४० किलोमीटर झाले आहेत. अस्नोड्याचा तोच रस्ता मी चार वेळा पार केला असून प्लग दर वेळी चॉकलेटी रंगाचा, म्हणजे मिश्रण बरोबर असल्याची खूण दाखवणारा, निघाला आहे.

बोअर, होनिंग आणि पोर्टच्या कडा मिळून माझ्याकडून ९०० रुपये घेतले गेले, क्रँकचा खर्च वेगळा. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारामुळे गाळ्यापर्यंत गाडी नेणे अशक्य होते आणि दुपारी एक ते तीन वर्कशॉप बंद असते, तेव्हा इतर दिवशी सकाळी जावे. ब्लॉक रॉकेलने धुऊन, पिस्टन, पिन, रिंगा सगळे सोबत न्यावे. माझ्या गाडीचा मागचा ब्रेक-ड्रम अजून ओबडधोबड आहे, तो लेथवर फिरवायला मी गणेश चतुर्थीनंतर पुन्हा जाणार आहे. किती धातू काढता येईल हे ड्रम मोजूनच सांगेन, असे मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवले आहे.