नासाचं ‘आयज ऑन द सोलर सिस्टिम’: फुकट आहे आणि वर्गात भलतंच कामाचं

नववीला गुरुत्वाकर्षण शिकवताना हल्ली मी प्रोजेक्टरवर हेच लावतो. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेने बनवलेली ही त्रिमितीय सूर्यमाला ब्राउझरमध्येच उघडते. डाउनलोड नको, लॉगिन नको, पैसे तर नाहीतच. यान शोधायचं, माउसने फिरवून न्याहाळायचं आणि काळ मागेपुढे सरकवायचा.

माझी पसंती ‘युरोपा क्लिपर’ला. 14 ऑक्टोबर 2024ला निघालेलं हे यान गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्राचा अभ्यास करणार आहे. तारीख 1 मार्च 2025वर नेली की ते मंगळाजवळून, 884 किमी अंतरावरून जाताना दिसतं. डिसेंबर 2026मध्ये ते पुन्हा पृथ्वीकडे वळतं, तेव्हा मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, हे परत का आलं?” मग ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाचा फुकटचा धक्का समजवायला फळ्यावर आकृती काढावी लागत नाही.

खरी गंमत एप्रिल 2030नंतर. यान युरोपाभोवती फिरणारच नाही. गुरूभोवती लांबट फेऱ्या मारत ते युरोपाला ओझरत्या भेटी देणार: एकूण 49, सर्वांत जवळची 25 किमीवरून. मार्ग पडद्यावर दिसतो, कारण मात्र मास्तरानेच सांगायचं. युरोपा गुरूच्या जबरदस्त किरणोत्सर्गाच्या पट्ट्यात आहे. तिथेच मुक्काम ठोकला तर इलेक्ट्रॉनिक्सचं लवकरच वाटोळं. म्हणून आत घुसायचं, मोजमापं उरकायची, बाहेर सटकायचं आणि मग निवांत माहिती धाडत बसायचं. अख्ख्या मोहिमेची आखणी या एका अडचणीभोवती झाली आहे. ती न सांगता नुसतं दाखवलंत तर मुलांच्या लेखी ती छान छान वेटोळी, बस्स.

आकार पटवायला मी वर्ग मैदानात नेतो. सौरपंख पसरले की यानाची रुंदी 30 मीटरच्या वर जाते. कबड्डीची दोन मैदानं लांबीत जोडली तरी कमीच पडतात. पोरं पावलं मोजतात आणि मग त्यांना ते पटतं.

मराठी नाही, तेव्हा लहान मुलांजवळ कुणीतरी बसायला हवं. मोबाइलवर उघडतं, पण शक्यतो मोठ्या पडद्यावरच बघा. आणि युरोपाच्या बर्फावर उतरणारं यान शोधत बसू नका, ती योजना अजून कागदावरच आहे.

पाचपैकी साडेचार.