बर्मिंगहॅमच्या चार मुलींचे सुवर्णपदक : कांस्य प्रतिकृतीचे परीक्षण

अमेरिकी काँग्रेसच्या सुवर्णपदकाची मूळ प्रत एकच घडवली जाते. मात्र ज्या कायद्याने ते पदक द्यायचे ठरते, त्याच कायद्यात कांस्य प्रतिकृती काढून विकण्याची मुभा अमेरिकी टांकसाळीला सहसा दिलेली असते, आणि म्हणून काचेआड राहणारी ही वस्तू सामान्य माणसालाही विकत घेता येते. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात १५ सप्टेंबर १९६३ च्या रविवारी सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्ये वंशद्वेष्ट्यांनी बॉम्बस्फोट घडवला. त्यात मरण पावलेल्या ॲडी मे कॉलिन्स, कॅरोल रॉबर्टसन, सिंथिया वेस्ली आणि डनीस मॅकनेअर यांना २०१३ साली मरणोत्तर दिलेल्या पदकाची कांस्य प्रतिकृती मी घेतली. पहिल्या तिघी चौदा वर्षांच्या होत्या आणि डनीस अकरा वर्षांची.

पदकाच्या दर्शनी बाजूला चार मुलींच्या छायाकृती आहेत. त्यांना नाकडोळे नाहीत, आणि माझ्या मते हा या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. त्यांचे चेहरे कोरले असते तर पाहणाऱ्याचे लक्ष छायाचित्राशी साम्य जुळते की नाही याकडे गेले असते. येथे ते थेट काठावर कोरलेल्या चार नावांकडे आणि स्फोटाच्या तारखेकडे जाते. छायाकृतींवरून जाणाऱ्या इंग्रजी ओळीत समतेच्या लढ्यातील त्यांचे निर्णायक स्थान नोंदवले आहे. मागच्या बाजूला ते चर्च आहे. चर्चची ही वास्तू आजही उभी असून तेथे उपासना चालते, त्यामुळे ही बाजू मला केवळ स्मारकचित्र वाटत नाही.

प्रतिकृतीची किंमत ठरवताना तिच्यामागची संसदीय प्रक्रियाही लक्षात घ्यावी असे मला वाटते. असे पदक कोणा एका अध्यक्षाच्या मर्जीने मिळत नाही. प्रत्येकासाठी स्वतंत्र कायदा करावा लागतो, आणि विधेयक पुढे सरकण्यासाठी सामान्यतः सभागृहातील दोन तृतीयांश सदस्यांचे सहप्रायोजकत्व लागते. बर्मिंगहॅमच्या प्रतिनिधी टेरी सूएल यांनी पुढे नेलेले हे विधेयक प्रतिनिधिगृहाने ४२० विरुद्ध ० मतांनी संमत केले आणि २४ मे २०१३ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी त्यावर स्वाक्षरी केली. सप्टेंबरमध्ये, स्फोटाला पन्नास वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, संसद भवनात पदकप्रदान समारंभ झाला. मूळ सुवर्णपदक चर्चसमोरच असलेल्या बर्मिंगहॅम नागरी हक्क संस्थेकडे सोपवण्यात आले. ते राजधानीत न ठेवता घटनेच्या जागी नेले, हे मला फार योग्य वाटते.

एकमताने झालेल्या या गौरवाच्या शेजारी न्यायालयाचा इतिहास ठेवून पाहिला की मन खिन्न होते. पहिल्या आरोपीला शिक्षा १९७७ साली झाली आणि उरलेल्या दोघांना २००१ व २००२ साली. चौथा संशयित खटला उभा राहण्यापूर्वीच मरण पावला.

पदकावर जे नाही त्याबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. ॲडी मेची धाकटी बहीण सारा त्याच खोलीत होती. ती वाचली, परंतु तिचा उजवा डोळा गेला. पदकाची घोषणा झाल्यावर साराबाईंनी सुरुवातीला ते नाकारले आणि आपल्याला नुकसानभरपाई हवी अशी भूमिका घेतली. अलाबामाच्या गव्हर्नरांनी त्यांची माफी मागितली ती २०२० मध्ये. त्याच रविवारी शहरात सोळा वर्षांचा जॉनी रॉबिन्सन आणि तेरा वर्षांचा व्हर्जिल वेअर हे दोन कृष्णवर्णीय मुलगेही गोळीबारात मारले गेले, जॉनी तर पोलिसाच्या गोळीने. मृतांचा गौरव करताना संसदेला कोठेतरी रेषा आखावी लागते हे मला मान्य आहे. तरीही पदकाकडे पाहताना या तिघांची आठवण अपरिहार्यपणे होते, आणि ती झालीच पाहिजे.

प्रतिकृती दोन आकारांत काढल्या गेल्या, तीन इंच आणि दीड इंच. लहान पदक पुष्कळ स्वस्त आहे आणि संग्राहकाला ते पुरेसे आहे. मात्र काठावरील नावे सहज वाचता यावीत असे वाटत असेल, तर मोठ्या आकारासाठी जास्त पैसे मोजावेत. वर्गात मुलांच्या हातात देण्यासाठी किंवा ग्रंथालयात मांडण्यासाठी मी निःसंकोचपणे मोठेच सुचवीन. मात्र ते मांडताना शेजारच्या माहितीपत्रकात सारा कॉलिन्स, जॉनी रॉबिन्सन आणि व्हर्जिल वेअर यांची नावे अवश्य लिहावीत.