दोन दिवसांत तीन शहरं दाखवणारी बस टूर आणि नुसत्या वॉशिंग्टनचा शनिवार-रविवार, आमचा अनुभव

मुलाकडे न्यू जर्सीत एडिसनला पाच महिने राहून आम्ही दोघं नुकतेच रत्नागिरीला परत आलो, आणि आल्यापासून रोज पडवीत कोणी ना कोणी येऊन तेच विचारतंय, काकी आम्ही पण मुलीकडे जाणार आहोत, ती शनिवार-रविवारची बस टूर घेऊ का. तर एकदाच सगळं लिहून टाकते. आम्ही दोन्ही केलंय, जूनमध्ये बस टूर आणि सप्टेंबरात आमचं आम्ही ट्रेनने.

तिकडे मुलांना सोमवार ते शुक्रवार मान वर करायला वेळ नसतो, फिरायचं ते शनिवार-रविवारीच, फार तर सप्टेंबरात लेबर डेचा सोमवार जोडून मिळतो तेवढा. म्हणून आईबाबा आले की मुलं टूर बुक करून मोकळी होतात, त्यात त्यांची काही चूक नाही, प्रेमानेच करतात. आमच्या टूरमध्ये फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन आणि येताना हर्शीचं चॉकलेट गाव असं सगळं दोन दिवसांत होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मुलाच्या ऑफिसातले दोघं वेगळ्या कंपन्यांबरोबर जाऊन आले, त्यांचाही कार्यक्रम जवळजवळ हाच होता.

सकाळी साडेसहाला एका इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये उभं राहायला सांगितलेलं, बस आली साडेसातला. तो गेलेला एक तास मग दिवसभर कुठे भरूनच निघाला नाही. फिलाडेल्फियाला पोचलो तर लिबर्टी बेल म्हणजे त्यांच्या त्या ऐतिहासिक घंटेसाठी ही मोठी रांग, तपासणी करून आत सोडतात, फुकट आहे पण वेळ लागतो. गाईड म्हणाला रांगेत उभं राहू नका, बाहेरून काचेतून दिसते, फोटो काढा आणि पंचवीस मिनिटांत बसमध्ये या. आता आमचे हे पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवत होते. ही घंटा १७५२ साली लंडनहून आली, पहिल्याच ठोक्याला तडकली, मग फिलाडेल्फियातच वितळवून परत ओतली, हे सगळं ते मला आदल्या रात्री सांगत बसलेले. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा आपल्या देवळांत आल्या, त्यातल्या जिथे जिथे बघता येतात तिथे यांनी हात लावून अक्षरं वाचलेली आहेत. असा माणूस काचेबाहेर उभा राहून पाठमोऱ्या गर्दीतून ती घंटा शोधत होता. मला फार वाईट वाटलं. समोरचा इंडिपेन्डन्स हॉल, जिथे १७७६ चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, तो तर रस्त्यावरूनच दाखवला.

वॉशिंग्टनला तेच. व्हाइट हाऊसला पंधरा मिनिटं, लिंकन मेमोरियलला वीस, कॅपिटल म्हणजे त्यांची संसद तर बसच्या खिडकीतून. विमानांच्या म्युझियमला आम्ही गेलो तेव्हा आधी वेळेचा पास काढावा लागत होता, पास फुकटच, पण कंपनीने तो काढलाच नव्हता, त्यामुळे अर्धे लोक बाहेर फुटपाथवर. आणि दुसऱ्या दिवशी चॉकलेटच्या दुकानात मात्र सव्वादोन तास! वर माणशी रोजची टिप वेगळी, ती जाहिरातीत बारीक अक्षरात होती, नीट वाचून घ्या. हॉटेल स्वच्छ होतं, ड्रायव्हर गाडी छान चालवायचा, त्याला नावं ठेवणार नाही. पण पाचात दोनच देईन.

परत आल्यावर हे काही बोलले नाहीत, पण मुलाच्या लक्षात आलं. तो म्हणाला बाबा, आपण एकच शहर करू आणि चालत करू. मग सप्टेंबरात मेट्रोपार्क स्टेशनवरून अॅमट्रॅकची सकाळची गाडी पकडली, साधारण तीन तासांत वॉशिंग्टन. तिकीट महिनाभर आधी काढलं म्हणून स्वस्त पडलं, आयत्या वेळी काढलं तर बरंच महाग. हॉटेल नदीपलीकडे रॉसलिनला मेट्रो स्टेशनच्या जवळ घेतलं, त्या भागात ऑफिसं जास्त म्हणून शनिवार-रविवारचं भाडं कमी मिळालं. मेट्रोचं कार्ड एकदा घेतलं की झालं, गाडीची गरजच पडली नाही, आणि पार्किंगचे पैसे वाचले ते वेगळेच.

आता हे नीट वाचा कारण हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. स्मिथसोनियन ही तिकडची म्युझियम चालवणारी मोठी संस्था, तिची वॉशिंग्टनमधली बरीचशी म्युझियम नॅशनल मॉल नावाच्या मोठ्या मैदानाच्या दोन्ही अंगाला ओळीने आहेत, तिकीट शून्य, नाताळचा एक दिवस सोडला तर वर्षभर उघडी. आणि आत व्हीलचेअर फुकट मिळते, मागायची फक्त. ह्यांच्या गुडघ्यांमुळे मी धास्तावले होते पण त्या खुर्चीवर बसून त्यांनी चार तास म्युझियम बघितलं. राइट बंधूंचं १९०३ चं खरं विमान, लाकूड आणि कापडाचं, पंखाची शिवण दिसते इतक्या जवळ. नॅचरल हिस्ट्रीमध्ये होप डायमंड आहे, पंचेचाळीस कॅरेटचा निळा हिरा, आपल्या गोवळकोंड्याच्या खाणीतला, त्याच्यासमोर ह्यांनी नातवाला अर्धा तास गोष्ट सांगितली आणि कोणी घड्याळ दाखवलं नाही.

तो उंच मनोरा आहे ना, वॉशिंग्टन मॉन्युमेंट, ५५५ फुटांचा, तो बसमधून दोनदा बघितलेला पण दगडाचा रंग बदलतो हे पायी गेलो तेव्हा कळलं. खालचा भाग एका छटेचा, वरचा वेगळा. १८४८ ला काम सुरू झालं, पैसे संपले, मधे वीसेक वर्षं बंद पडलं आणि १८८४ ला पुरं झालं तोवर दगड दुसऱ्या खाणीतून आला. आपल्याकडे चिऱ्याचं घर अर्धं बांधून राहतं, मुलगा मुंबईहून पैसे पाठवायला लागला की पुढचे चिरे दुसऱ्या खाणीचे येतात आणि भिंतीत पट्टा दिसतो, अगदी तस्सं.

संध्याकाळी व्हिएतनाम युद्धाच्या भिंतीपाशी गेलो. काळा गुळगुळीत दगड, त्यावर ५८,०००च्या वर नावं, आणि पॉलिश असं की नावांच्या मधे आपला चेहरा दिसतो. हा दगड आपल्या बंगळूरकडचा आहे हे कळल्यावर मी त्याला हात लावून उभी राहिले. शेजारी एक म्हातारे गृहस्थ एका नावावर कागद धरून पेन्सिल हळूहळू घासत होते, नाव कागदावर उमटलं तसं त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं, कोणाशी बोलले नाहीत. माझा मामा पासष्टच्या लढाईत गेला, आजीकडे त्याची फक्त एक ट्रंक होती. मुलाने तिथेच उभं राहून सांगितलं की दिल्लीला २०१९ ला राष्ट्रीय समर स्मारक झालंय, तिथे नावं कोरलेली आहेत. आता आधी दिल्लीला जायचं ठरलंय. बसने गेलो तेव्हा ही भिंत शंभर पावलांवर होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.

लिंकन मेमोरियल रात्री उघडंच असतं, दिवे लागल्यावर जा. पायऱ्या आहेत पण आपल्या पाखाड्या चढणाऱ्यांना काही नाही, हे सुद्धा थांबत थांबत वर गेले.

खाण्याचं म्हणाल तर मैदानावर गाड्यांवर मिळतं ते महाग आणि आपल्या जिभेला फिकं. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी आणि आगळाची बाटली नेली होती, झाडाखाली बसून खाल्लं, दोन दिवस निभावलं. जुलै-ऑगस्ट टाळा, आपल्या मे महिन्यासारखा घाम येतो, सावली कमी. जपानने १९१२ ला दिलेली चेरीची झाडं बघायची असतील तर मार्च संपता संपता, पण तेव्हा हॉटेलं महाग असतात.

खर्च जवळपास बसएवढाच आला, थोडा जास्तच म्हणा, पण पाचात पाच. फिलाडेल्फिया तेवढं राहिलंय. पुढच्या वेळी एक अख्खा शनिवार त्या घंटेसाठी ठेवायचा, मुलाला आत्ताच सांगून ठेवलंय.