एलव्हॅड बसवून वर्ष झालं: घरच्या माणसाचा अनुभव

मुद्द्याचं आधी सांगते. एलव्हॅड म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूला बसवायचा यांत्रिक पंप. पंप उत्तम आहे. पण तो बसवायचा की नाही हे ठरवताना, पंपाची वायर पोटातून बाहेर येते त्या जागेचं रोज ड्रेसिंग कोण करणार याचा विचार सर्जन निवडण्याइतकाच नीट करा. आमच्याकडे ते मी करते, म्हणून लिहायला बसले.

ह्यांना दोन अटॅक येऊन गेले होते आणि हृदयाचं पंपिंग पंधरा टक्क्यांवर आलं होतं. आडवं झालं की दम लागायचा, रात्र बसून काढायची. ट्रान्सप्लांटच्या तपासण्यांत फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब फार वाढलेला निघाला. एवढ्या दाबापुढे नव्या हृदयाची उजवी बाजू टिकत नाही. डावीकडे पंप बसवला तर काही महिन्यांत दाब उतरू शकतो, मग यादीत नाव घालता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

ह्यांना बसवलेला हार्टमेट ३ हा पंप साधारण २०० ग्रॅमचा आहे. तो डाव्या कप्प्यातून रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. आतली चकती चुंबकाच्या जोरावर तरंगत फिरते, कशालाही घासत नाही, त्यामुळे पंपात गुठळी होण्याचा धोका जुन्या पंपांपेक्षा बराच कमी. मोमेंटम ३ या चाचणीत पाच वर्षांनी जगण्याचं प्रमाण ह्या पंपावर सुमारे ५८ टक्के आणि आधीच्या हार्टमेट २ वर ४४ टक्के आलं. म्हणजे खात्री कुणी देत नाही. पण हे आता उताणे झोपतात, आणि लालबागच्या बाजारात स्वतः उभं राहून बोंबील निवडतात. त्या पंधरा टक्क्यांच्या दिवसांत हे मनातसुद्धा आणलं नव्हतं.

आता ड्रेसिंग. पोटातून बाहेर येणारी वायर, म्हणजे ड्राइव्हलाइन, ही सगळ्यात नाजूक जागा. पंखा बंद, खिडक्या बंद, दोघांच्या तोंडाला मास्क. जुनी पट्टी काढायची, हात पुन्हा धुवायचे, निर्जंतुक हातमोजे घालायचे. मग क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने वायरच्या मुळापासून बाहेर पुसत यायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. मे महिन्यात बंद खोलीत ते वाळता वाळत नाही आणि ह्यांच्या पोटावर घामाचे थेंब जमतात. तरी पंखा लावायचा नाही. शेवटी वायर पोटाला चिकटवून पक्की करायची, कारण एक हिसका बसला तरी आतली जखम उकलते. पावसाळ्यात एकदा कडेला पिवळट ओल दिसली. लगेच फोटो काढून हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटरला पाठवला, स्वॅब झाला, अँटिबायोटिक सुरू झालं. त्या अँटिबायोटिकने आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचं माप, चढला आणि वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी कमी करावी लागली. एकाला हात लावला की दुसरं हलतं, हे असंच चालतं.

आयएनआर २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. पालेभाज्या बंद करायला कुणी सांगितलं नाही, प्रमाण सारखं ठेवायला सांगितलं. श्रावणात अळूवडी होते, पण त्या आठवड्यात मेथी होत नाही. ॲस्पिरिन ह्यांना दिलेलं नाही. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत या पंपावर ॲस्पिरिनशिवाय रक्तस्राव कमी दिसला, असं डॉक्टरांनी समजावलं.

विजेचं नीट समजून घ्या. दिवसा दोन बॅटऱ्या, भरलेली जोडी सतरा तासांपर्यंत चालते. बदलताना एका वेळी एकच काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. रात्री भिंतीच्या प्लगवर. आपल्याकडे प्रत्येक प्लगला बटण असतं आणि कुणाचाही हात लागतो, म्हणून त्यावर जाड चिकटपट्टी लावली आहे. सगळंच तुटलं तर कंट्रोलरमधली, म्हणजे पंप चालवणाऱ्या अंगावरच्या डबीतली, राखीव बॅटरी साधारण पंधरा मिनिटं देते. मुंबईत वीज जात नाही असं मानू नका, १२ ऑक्टोबर २०२० आठवा. विजेच्या भरवशाअभावीच यंदा गणपतीला कोकणात गेलो नाही. दिरांनी इन्व्हर्टर बसवायची तयारी दाखवली आहे, बघू.

पंप रक्त ठोक्याठोक्याने नाही तर सलग ढकलतो, म्हणून नाडी बहुतेक वेळा लागत नाही, घरचं बीपी मशीन एरर देतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना आणि सोसायटीच्या वॉचमनला हे आधीच सांगून ठेवलंय. बेशुद्ध पडले तर नाडी शोधत बसायचं नाही, छातीला कान लावून पंपाची घरघर ऐकायची आणि आधी इमर्जन्सी नंबर लावायचा. एमआरआय करता येत नाही, पोहणं कायमचं बंद.

पैशांचं: आम्हाला पंपाचा आकडा एक कोटीच्या घरात सांगितला होता. विमा कंपनीने त्यातला फार थोडा भाग दिला आणि तोही महिनोन्महिने फिरवून. त्याचा राग अजून गेलेला नाही. शिवाय ड्रेसिंगचं सामान आणि रक्ततपासण्या हा खर्च दर महिन्याला आहेच, तो कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हता.

होकार देण्याआधी हॉस्पिटलला तीन गोष्टी विचारा. रात्री दोनला फोन कोण उचलेल? हृदयाच्या उजव्या बाजूची ताकद किती आहे? कंट्रोलर बिघडला तर दुसरा किती वेळात हातात येईल? आणि त्यांच्याकडे आधीच पंप बसवलेल्या एखाद्या घराशी बोलणं करून द्या म्हणावं, त्यातही जो ड्रेसिंग करतो त्याच्याशी.